बिनआल्याचा चहा

"बोला हं निवांत आपापसांत, आम्ही चहाचं बघतो," असं म्हणत मंदाताई आपल्या मुलाला, निहारला, घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मुलाचं घर बघायला आलेल्या मंडळींना असं घटकाभर एकटं सोडायची रीतच आहे. दांडिया बाजारातून हरणी भागातल्या या घरी आलेले बाळकृष्णराव सोफ्यात ऐसपैस टेकले आणि लीलो चेवडो, म्हणजे ओलसर हिरवा चिवडा, तोंडात टाकत बायकोला म्हणाले, "काय घर आहे विमल! नुसतं बोललं की पडदे सरकतात. होकार देऊन टाकू आजच."

विमलताईंची मान तर केव्हाची हलत होती. त्यांच्या लेकीला, आकांक्षालाही मुलगा आवडला होता, खोटं कशाला बोला! पण तिची नजर टीव्हीशेजारच्या छोट्या पांढऱ्या कॅमेऱ्यावर अडकली होती. "आई दिवसभर एकटी असते म्हणून बसवलाय. पाहुणे आले की बंद ठेवतो," असं निहारने मघाशी आपणहून सांगितलं होतं. तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे होतं. आता ते सोफ्याकडे होतं.

खरंच वळलं, की आपल्यालाच भास झाला? उगाच संशय घेऊन चांगलं स्थळ घालवलं तर आई जन्मभर ऐकवेल. आणि गप्प बसलं तर याच घरात जन्म काढायचा.

ती आईच्या कानाशी लागली. "चहात आलं असलं तर मला चालणार नाही गं. घसा धरतो."

"काहीतरीच! घरी तर आल्याशिवाय घोट घेत नाहीस."

"हळू बोल ना, आई!"

थोड्या वेळाने दार उघडलं. मंदाताईंच्या हातात ट्रे, मागून निहार. मंदाताईंनी एक कप वेगळा उचलला.

"आकांक्षा, हा तुझा हं. बिनआल्याचा."

"अगंबाई! आत्ताच म्हणत होती ही," विमलताई हरखल्या.

"सासू होणार ना मी? न सांगता कळायला नको?"

"वा, एकदम सरस!" बाळकृष्णराव खूश.

आकांक्षाला रडूच कोसळायचं बाकी होतं. तिने निहारकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तरी तिला पुरला असता. तो बशा मांडत राहिला.

"लाजू नकोस गं. मनात काय आहे ते सांग," मंदाताई म्हणाल्या.

"हो काकू, तेवढंच ऐकायचं राहिलं असेल तुमचं." आकांक्षाने कप तसाच ट्रेमध्ये ठेवला. "मला नाही यायचं या घरात."

बाळकृष्णरावांचा चेवडो हातातच राहिला. मंदाताईंनी गर्रकन वळून निहारकडे पाहिलं. पडद्यावर हाच सोफा दिसत असलेला हातातला मोबाइल तो हळूच पालथा घालत होता.