बांधापलीकडची काडी

सुलाबाईने बागेच्या पाहणीला आलेल्या कंपनीच्या ज्योत्स्ना मॅडमना हळदीकुंकू लावलं, हातात ओल्या फडक्याचं पुडकं ठेवलं, आणि तिचा नवरा चिमाजी ताडकन उठून उभा राहिला. पुडक्यात द्राक्षाच्या काड्या होत्या.

"परवाच्या छाटणीच्या हायेत. घराकडं लावा," सुलाबाई कौतुकाने म्हणाली. "दारात आलेल्या बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवू? माझ्या भावालाबी दिल्या होत्या. लय भारी फुटल्या." आणि चहाचे कप उचलून ती आत गेली.

वाण परदेशी कंपनीचा होता. रान चिमाजीचं, घाम चिमाजीचा, वेल मात्र कंपनीचे. छाटलेली काडी जाळायची, बांधापलीकडे जाऊ द्यायची नाही, असा करार. गेल्या महिन्यात बागायतदारांनी विंचूरला या अटींविरुद्ध मोर्चा काढला आणि कंपनीने पाहण्यांचा सपाटा लावला. दाद मागावी तर सरकारी साहेब लोकही कंपनीचीच री ओढणारे. मोर्चात चिमाजी सगळ्यांत पुढे होता. घोषणा देऊन घसा बसवून घेतला पठ्ठ्याने, पण घरच्या बाईला कराराचं एक अक्षर सांगायचं काही सुचलं नाही!

मॅडमनी पुडकं पिशवीत ठेवलं. त्या चिडल्या नाहीत, आणि त्याचीच चिमाजीला जास्त भीती वाटली.

"काड्या तुम्ही दिल्या असतील, तर तुमची बाग उपटावी लागेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "चोरीला गेल्या असतील, तर तुमच्या मेहुण्याची."

त्यांनी चोरीच्या तक्रारीचा कागद पुढे केला. चिमाजीने बागेकडे पाहिलं. बारा वर्षं पोटच्या पोरासारखी जपलेली बाग. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि घाईघाईने सही केली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण सही करून झाली होती.

"उद्या गाडीत बसा आमच्याबरोबर. बाग तुम्हीच दाखवायची."

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी सिन्नरकडच्या मळ्यात शिरली. जेसीबी मागे फाट्यावर थांबवला होता. चिमाजी पुढच्या सीटवर मान खाली घालून बसला होता. त्याला पाहताच मेहुणा, प्रफुल्ल, हातातलं काम टाकून पळत आला. त्याने दार उघडलं, वाकून पाया पडला आणि मागच्या पाहुण्यांकडे बघत तोंडभर हसला.

"या दाजी, या! चला, तुम्ही दिलेली काडी कशी लागलीय, ते समद्यांना दाखवतो."