बिननावाची सिरिंज

आकडा साठाखाली घसरला आणि भूल देणारी निवेदिता मॉनिटरकडे वळली.

ऑपरेशन टेबलावर वेणीमाधवशास्त्री पालथे होते. कण्याचं ऑपरेशन अर्ध्यावर आलेलं. कपाळाला चिकटवलेली पट्टी मेंदूतला ऑक्सिजन दाखवत होती. भुलेच्या जोडीला द्यायच्या दोन औषधांपैकी मेंदूला कोणतं जास्त जपतं, हा निवेदिताच्या थीसिसचा विषय. पंपातल्या सिरिंजवर नुसता नंबर. आत दोहोंतलं कोणतं, ते तिलाही कळू द्यायचं नाही, ही अभ्यासाची अटच.

शास्त्रीबुवा ब्रह्मा घाटाचे घनपाठी. पोथीला हात न लावता अख्खा वेद उलटसुलट म्हणणारे. दुसरी इस्टेट नाही, जे काही आहे ते डोक्यात. "आपल्या दूधविनायक मोहल्ल्याचीच पोर आहे," एवढं म्हणून त्यांनी तिच्या अभ्यासाच्या संमतीपत्रावर सही केली होती.

पंचावन्न.

"मॅडम, रुकूँ?" सर्जनने विचारलं.

"रुकिए."

तिनं पंप बंद केला. शास्त्रीबुवा अभ्यासातून बाद. थीसिसचे सर फाडून खातील, खाऊ देत! तिनं त्यांची मान सरळ केली, ऑक्सिजन वाढवला, रक्तदाब चढवायचं औषध दिलं. आकडा हटून बसला. मग कुठे हळूहळू चढू लागला. तेवढ्या वेळात आत काय काय पुसलं गेलं असेल, याचा विचार करायचं धाडस तिला झालं नाही.

संध्याकाळी ते शुद्धीवर आले. पाय हलवून दाखवले. सर्जन खूष होऊन निघून गेले. निवेदिता मात्र खाटेपाशी वाकली.

"काका, एखादं सूक्त म्हणता? कुठलंही."

त्यांची नजर छताला.

"एकच ऋचा, काका."

त्यांनी मान फिरवली. शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी पद्माकाकूंनी पदर तोंडाशी नेला. गेलं, निवेदिताला वाटलं. सगळं गेलं, आणि माझ्या हातून गेलं.

"आठवत नाही का हो?" तिला रडूच फुटलं.

शास्त्रीबुवांनी कष्टानं डोळे तिच्याकडे वळवले. भुलेच्या नळीनं घसा खरवडला होता.

"पारोसा वेद म्हणू? स्नानाशिवाय?" ते म्हणाले. "तुझं दिमाग ठिकाणावर आहे ना, पोरी?"