डोंगरासमोर न घ्यायचं नाव

रोज सकाळी चोइदोगआजोबा लाकडी पळीनं समोरच्या डोंगराच्या दिशेनं ताजं दूध शिंपडत. भर हिमवादळातून टोळीचे घोडे परत आणणारा मंगोल राजपुत्र आठशे वर्षांपासून तिथं निजला होता. डोंगरासमोर त्याचं नाव घेणं म्हणजे थोरल्यांना एकेरी हाक मारणं. सगळे नुसतं ‘धनी’ म्हणत. खरं नाव फक्त आजोबांना ठाऊक होतं, आणि त्यांची छाती हल्ली घरघरायची. “मला सांगा ना! मी काय शिंगरू आहे?” बडबडी नात सोलोंगो रुसली. आजोबांनी तिला घोड्यावर पुढ्यात घेतलं. खिंडीपलीकडे, डोंगर दिसेनासा झाल्यावर, त्यांनी तिच्या कानात नाव सांगितलं. परतताना डोंगर दिसला. “विसरलीस वाटतं, वेडाबाई. पुन्हा सांगू?” आजोबांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. सोलोंगोनं वळून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “गप्प बसा! धनी ऐकतायत!” दुसऱ्या दिवशी पळी सोलोंगोच्या हातात होती.