यंदाचा तारा

बारशाला कुमुदआत्या पाळण्यावर वाकली आणि भावाला म्हणाली, "श्रीरंग, यंदाचा तारा सांग." अंतराळातल्या त्या वसाहतीत बाळाला त्या वर्षी जन्मलेल्या ताऱ्याचंच नाव ठेवत.

"यंदा एकही नाही, ताई."

"मग पुढच्या वर्षी ठेवू."

ताऱ्यांनी भरलेली त्यांची दीर्घिका आणि तिच्या पोटातलं कृष्णविवर अब्जावधी वर्षं बरोबरीने वाढली होती. विवरापासून वीज मिळवण्यासाठी माणसांनी एकट्या त्यालाच वायू भरवला. श्रीरंगची नोकरीच ती होती. माजलेल्या विवराच्या झोतांनी तारे घडवणारा उरलासुरला वायू उधळून लावला होता.

"पुढेही नाही," तो म्हणाला. "आता कधीच नाही."

बिननावाचं बाळ थंडीने कुडकुडलं, तशी त्याच्या आईने पाळण्याखालची विजेची शेगडी आणखी वाढवली.