खरा पत्ता

"ताई, तुझ्या नावाची साइट सुरू झाली बघ!" धाकटीनं लॅपटॉप पुढे सरकवला. नवऱ्याच्या मारातून निसटलेली ताई वर्षभर तिच्याकडे लपून राहत होती आणि जुन्या शालींना रफू करून पोट भरत होती. तिची कामं वाढावीत म्हणून धाकटीचा हा खटाटोप. "पत्ता कुठला दिलास?" ताईनं विचारलं. "इथलाच. महिन्यापूर्वी साइटचं नाव नोंदवताना खरा पत्ता द्यावा लागला, नियमच आहे तसा. खोटा पत्ता सापडला तर नाव काढून घेतात." "आणि तो दिसतो कुणाला?" धाकटीनं हसत हसत नेटवर साइटच्या नावाची नोंद शोधून पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. ताईचं नाव, इमारत, मजला, फोन, सगळं जगाला उघडं होतं. "पत्ता झाकायची सोय होती गं. मी बघितलीच नाही." तेवढ्यात बेल वाजली. ताईनं दाराच्या भिंगातून पाहिलं आणि ती झटकन मागे सरली. बाहेर तो उभा होता, नीट भांग पाडून. "उघड ना," तो हळूच म्हणाला, "किती शोधलं तुला." संसारात कधी शेजाऱ्यांना हुंदकाही ऐकू येऊ न दिलेली ताई बेंबीच्या देठापासून ओरडली. जिन्यातली दारं धडाधड उघडली. सगळ्यांकडे पाहून तो हसला. "माफ करा, पत्ता चुकला," म्हणाला आणि सावकाश खाली उतरला. तो गेल्यावर धाकटीनं दार उघडलं. समोरच्या काकू वैतागल्या होत्या. "पत्ता चुकलेल्या माणसाला कुणी एवढं घाबरतं का?" "पत्ता बरोबर होता, काकू," ताई म्हणाली आणि बॅग भरू लागली.