आठ आणि सहा

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकनं उडवल्यापासून संघदीप गोंदियाच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होता. जुन्या विदेशी गाड्यांचं त्याला भलतं वेड. त्याचा बाप ताराचंद ट्रॅक्टर मिस्त्री. तो रोज खाटेशी बसून मुलाच्या दोन लाडक्या गाड्यांची तुलना करायचा. "अमेरिकेच्या मस्टँगले सहा सिलिंडर, ऑस्ट्रेलियाच्या चार्जरले आठ. म्हणून चार्जरच भारी!"

एकविसाव्या दिवशी नर्स योगेश्वरीनं मोबाइलवर शोधून पाहिलं.

"काका, तुम्ही उलटं सांगून राहिले. मस्टँगले आठ हाय, चार्जरले सहा."

"मालूम हाय, बाई. पण गाडीचं काही चुकीचं सांगितलं की ह्याले राहवत नाही. घरी हातातला घास ठेवून भांडत राहे माह्यासंगं."

दुसऱ्या दिवसापासून योगेश्वरीही सलाइन बदलताना चुकीचंच सांगू लागली.

आज सकाळी डॉक्टरांनी मशीन काढायच्या कागदावर ताराचंदची सही घेतली. तो खाटेशी आला, मुलाच्या केसांतून हात फिरवला आणि कानाशी वाकला.

"मस्टँगले आठ, बाबू. चार्जरले सहा."