जाऊन या

"पाणीवाला मेला," साहेब म्हणाले. "तुमच्या दोन वाक्यांनी मेला. लोकांनी भर चौकात दगडांनी ठेचला. तोंड ओळखू येत नव्हतं म्हणे. बसा ना, बाई."

दुभाषी बसली. नदीपलीकडच्या शहरात पाण्यात विष कालवलं जातंय, असं तिनेच मागच्या आठवड्यात लिहून दिलं होतं. विमानातून पत्रकं पडली आणि बाकीचं काम लोकांनी आपल्या हातांनी केलं. त्या पाणीवाल्याला ती लहानपणापासून ओळखत होती.

तिचं माहेर नदीपलीकडे, सासर अलीकडे. युद्ध पेटलं तेव्हा ती सासरी होती. पहिल्याच महिन्यात माहेरच्या तोफगोळ्याने नवरा गेला. मग तिकडची बोली लिहिणारं माणूस हवं म्हणून साहेबांनी तिला इथे आणून बसवलं. आधीच्या दुभाष्याचं पत्रक वाचून शत्रूचे सैनिक पोट धरून हसले होते. त्याला छापखान्यामागच्या भिंतीशी उभं केलं. गिलाव्यात छातीच्या उंचीवर अजून भोकं होती, आणि कामगार तिथेच सायकली लावत.

"आता थोडं पुण्य कमवा," साहेब म्हणाले. "शुक्रवार-शनिवार पूल मोकळा ठेवतोय. पत्रक हातात धरून येईल त्याच्यावर गोळी नाही. रविवारी शहरावर तोफा. वर पुलाचं मोठं चित्र, खाली तुमचा मजकूर. घरच्या माणसाने सांगावं तसा लिहा."

तिने जीव ओतून लिहिला. डोळ्यांसमोर दादा होता. दादा शाळेत भाषा शिकवायचा, आणि गल्लीत कुठलाही कागद आला की आधी त्याच्याकडे वाचायला जायचा. वहिनी होती, दोन भाच्या होत्या, धाकटी सहा वर्षांची. शेवटची ओळ तिने लिहिली, 'मुलांना घ्या, दारं ओढून घ्या आणि पूल ओलांडून जाऊन या.'

त्या शहरात उंबऱ्यावरच्या माणसाला कुणी नुसतं 'जा' म्हणत नसे. भांडून निघालेल्या जावयालाही 'जाऊन या'च म्हणत. 'जा' म्हणायचं ते फक्त तिरडीवरच्याला.

साहेबांनी मजकूर वाचला, मान डोलावली आणि छापखान्यात पाठवला.

छापखान्याचा फोरमन एरवी तोंडात मूग धरून असायचा. त्या दिवशी ती छपाई तपासायला गेली, तेव्हा त्याने दार लोटून घेतलं.

"ताई, तिकडे कुणी आहे तुमचं?"

"भाऊ आहे."

"मग ऐका. माझा मेहुणा तोफखान्यात आहे. रविवारचं सगळं थाप आहे. शहराला हात लावणार नाहीत, अख्खं हवंय त्यांना. तोफा पुलावर रोखल्यात. पूल माणसांनी भरला, की..." त्याने टेबलावर पंजा आपटला. "मी काही बोललो नाही हं."

कागदाच्या गठ्ठ्यावर टेकून ती विचार करत राहिली. पत्रक रद्द करणं तिच्या हातात नव्हतं. इशारा घुसडावा, तर तिकडची भाषा शिकलेले दोन विद्वान साहेबांकडे होते आणि एकेक शब्द चाळून घेत. पण पुस्तकं वाचून शिकलेल्यांना उंबऱ्यावरचं काय कळणार?

"एक दुरुस्ती राहिली," ती फोरमनला म्हणाली आणि तीन अक्षरं खोडली. 'पूल ओलांडून जा.' व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. दादाला मात्र पहिल्या वाचनातच कळलं असतं, की ही मरणाची वाट आहे. गल्लीतल्या एकालाही त्याने घराबाहेर पडू दिलं नसतं.

छापलेलं पत्रक साहेबांनी दोनदा वाचलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"इथे आधी 'जाऊन या' होतं ना?"

"ओळ बसत नव्हती, साहेब." तिला तोंडात रक्ताची चव आली. जीभ चावली गेली होती.

"असू दे," म्हणून त्यांनी सही ठोकली.

शुक्रवारी ती दिवसभर पुलाकडे कान लावून बसली. शनिवारीही पुलाकडून एकही धमाका आला नाही. वाचले, ती मनाशी म्हणाली, आणि पाणीवाला गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

रविवारी सकाळी तोफा सुरू झाल्या. काचा थरथरू लागल्या. आवाज पुलाकडून नव्हता. ती अनवाणी साहेबांच्या खोलीत धावली. भिंतीवर शहराचा नकाशा होता. एक शिपाई फोनवर ऐकून मोठ्याने सांगत होता आणि साहेब लाल पेन्सिलीने फुल्या मारत होते.

"गिरणी पडली. लोक जळत बाहेर येतायत. शाळा पडली. आता शाळेमागची गल्ली."

ती गल्ली दादाची होती.

"थांबवा!" ती किंचाळली. "तोफा तर पुलावर... फोरमन म्हणाला, त्याचा मेहुणा..."

"त्याला ना बायको ना बहीण," साहेब म्हणाले. "मेहुणा कुठला येणार?"

"गल्ली गेली, साहेब," शिपाई म्हणाला. साहेबांनी फुली मारली.



"जगाला दाखवायला इशारा हवा होता," साहेब शांतपणे सांगू लागले. "इशारा देऊनही आत राहिला तो सैनिकच, असं म्हणता येतं. पण रिकामं शहर मारून काय उपयोग? जगाला चोख वाटेल आणि तिथल्या माणसाला पटणार नाही, असा मजकूर पाहिजे होता. आमच्या विद्वानांनी महिनाभर डोकं खाजवलं, मग फोरमनला तुमच्याकडे बोलायला लावलं. अशी चूक परक्याला करताच येत नाही, बाई."

"पूल खरंच मोकळा होता?"

"दोन्ही दिवस. एकही गोळी झाडली नाही."

"आणि कुणीच आलं नाही?"

"आले ना, एकशे बारा. सगळे सुखरूप आहेत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "चित्र बघून आले. त्यांच्यात एकालाही वाचता येत नव्हतं."